स्टेशनवर झोपलेला माणूस कुणाच्या हद्दीत येतो?

मागच्या आठवड्यात डोंबिवलीच्या एका मुलीने व्हॉइस नोट पाठवली. ती रात्री उशिराच्या लोकलने घरी येते. पुलाच्या जिन्यात माणसं झोपलेली असतात, एखादा नशेत बडबडत असतो, तिला तिथून एकटीने उतरायचं असतं. तिचा प्रश्न साधा होता: पोलीस या लोकांना हटवत का नाहीत?

तिची भीती खोटी नाही, हे आधी सांगते. रात्रीच्या लेडीज डब्यात पुढच्या स्टेशनला शेवटची बाई उतरते, डब्यात आपण एकट्याच उरतो आणि मग दाराशी वर्दीतला माणूस उभा आहे की नाही हे आपण पहिलं बघतो. मीही बघते. (१३९ आणि रेल्वे पोलिसांचा १५१२, हे दोन नंबर फोनमध्ये ठेवाच.) पण तिच्या प्रश्नाचं उत्तर आहे: हटवतात की! गेली दीडशे वर्षं हटवतायत. आजचा भाग त्या हटवण्याच्या इतिहासावर.

सुरुवात गंमतशीर आहे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, हे शाळेत पाठ केलंय. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत देशभर रूळ टाकायचं काम सुरू झालं आणि त्यासाठी रेल्वे कंपन्यांनी इंग्लंडहून माणसं आणली. मिस्त्री, ड्रायव्हर, मुकादम. करार संपला, दारूपायी नोकरी गेली, की हा गोरा माणूस रस्त्यावर. त्यात जहाजांवरून उतरलेले खलाशी, ऑस्ट्रेलियाहून घोडे घेऊन आलेले मोतद्दार. १८६५ ला मुंबईचा कापसाचा फुगा फुटला तेव्हा तर कामंही आटली. सरकारी कागदांत या लोकांना 'लोफर' म्हणायचे. हो, आपल्या आज्या शिवी म्हणून वापरायच्या तोच शब्द!

साहेबाला याची लाज वाटली. राज्य करणारा माणूस नेटिवांपुढे हात पसरतोय, हे कसं चालायचं? म्हणून १८६९ मध्ये आणि मग सुधारून १८७४ मध्ये खास युरोपियन भटक्यांसाठी कायदा आला. पोलिसांनी त्याला मॅजिस्ट्रेटपुढे न्यायचं, सरकारी वर्कहाऊसमध्ये ठेवायचं, जमलं तर काम शोधून द्यायचं, नाही तर बोटीत बसवून देशाबाहेर पाठवायचं. या कायद्यातलं एक कलम मला फार आवडतं. एखाद्या कंपनीने करारावर आणलेला माणूस वर्षभरात असा रस्त्यावर आला, तर त्याला परत पाठवायचा खर्च त्या कंपनीने भरायचा. म्हणजे ज्याने माणूस कामाला आणला, तो त्याच्या बेघरपणाला जबाबदार.

आपल्या माणसांचं मात्र वेगळं झालं. गिरणीने, गोदीने, बांधकामाने माणसं बोलावली. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून कुटुंबंच्या कुटुंबं मुंबईत उतरली. त्यांच्यासाठी जो कायदा तयार होता, तो भीक मागण्याविरुद्धचा. आधी १९४५ चा, मग १९५९ चा 'मुंबई भीक प्रतिबंधक कायदा'. त्याची व्याख्या एकदा नीट ऐका. हात पसरणं तर आहेच. सार्वजनिक जागी गाऊन, नाचून, भविष्य सांगून, खेळ करून पैसे घेणं हीसुद्धा भीक. शब्दशः वाचलं तर ट्रेनमध्ये दगडाच्या दोन चिपा वाजवत गाणारा पोरगा यात बसतो आणि सकाळी दारात येणारा वासुदेवही बसतो! पण खरी ग्यानबाची मेख पुढे आहे. उपजीविकेचं दिसेल असं साधन नाही, आणि अशा अवस्थेत सार्वजनिक जागी फिरतोय किंवा थांबलाय की हा भिकेवरच जगत असावा असं वाटतं, तर तोही गुन्हेगार. कुणाकडे काही मागायचीही गरज नाही. नुसतं तसं दिसलं की झालं.

वॉरंटशिवाय अटक. पहिल्यांदा सापडला तर १ ते ३ वर्षं भिक्षेकरी गृहात, आपल्याकडे चेंबूरला. वारंवार सापडला तर १० वर्षांपर्यंत. आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या माणसांनाही कोर्ट ठेवून घेऊ शकतं. चोरीच्या साध्या गुन्ह्याला जास्तीत जास्त ३ वर्षं होती, हे शेजारी ठेवून बघा.

आता रेल्वेची हद्द. ही गोष्ट मुंबईत वाढलेल्यांनाही नीट माहीत नसते. स्टेशनात दोन पोलीस असतात. जीआरपी म्हणजे लोहमार्ग पोलीस, हे राज्य सरकारचे. पाकीट मारलं, मारहाण झाली, छेडछाड झाली, की गुन्हा यांच्याकडे. आरपीएफ केंद्राची. १९५७ च्या कायद्याने ती उभी राहिली तेव्हा तिचं काम होतं रेल्वेचा माल सांभाळणं, माणसं नव्हे. प्रवाशांची सुरक्षा तिच्या कामात कायद्याने आली ती २००३ च्या दुरुस्तीने! रेल्वे कायद्याखालची प्रकरणं आरपीएफ बघते आणि १९८९ च्या त्या कायद्यात १४४ कलमाखाली डब्यात किंवा स्टेशनात भीक मागणं, विनापरवाना विकणं याला वर्षभरापर्यंत कैद किंवा १ ते २ हजार दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली गेली. जिना उतरून बाहेर आलात की शहर पोलीस आणि महापालिका.

मग काय होतं? प्लॅटफॉर्मवर झोपलेल्या माणसाला आरपीएफवाला काठी आपटून उठवतो. तो पुलावर जातो. तिथून उठवला की स्टेशनाबाहेर, रिक्षा स्टँडजवळ. तिथे दुसरी वर्दी. २००८ पासून स्कायवॉक झाले, तेव्हा त्याला आणखी एक छप्पर मिळालं आणि आणखी एक हद्द. प्रत्येक खात्याच्या दृष्टीने काम झालं, कारण माणूस आपल्या हद्दीत उरला नाही. तो गेला कुठे, हा प्रश्न कुठल्याच वहीत नाही.

आणि या सगळ्याने आपण सुरक्षित झालो का? मुंबईच्या लोकलवर वर्षानुवर्षं दरसाल दोन हजारांहून जास्त माणसं मरत आली आहेत. मारेकरी बहुतेक वेळा माणूस नसतो. रूळ ओलांडताना, गर्दीत दारातून पडून माणसं जातात. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दोन गाड्या शेजारून जाताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले, ते आठवत असेल. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या अरुंद पुलावर पावसात चेंगराचेंगरी झाली आणि २३ जण गेले. त्यानंतर मुंबईभर जोरात हटवले गेले कोण? फेरीवाले. हायकोर्टानेही स्टेशनपासून १५० मीटरच्या आत धंदा नको यावर शिक्का मारला. जिन्याच्या तोंडाशी टोपल्या नकोत हे मला पटतं, उगाच रोमँटिक व्हायचं नाही. पण पुलाची रुंदी काही फेरीवाल्याने ठरवली नव्हती. दिसणारा माणूस हटवता येतो, पूल बांधायला वर्षं लागतात.

डोंबिवलीच्या त्या मुलीच्या भीतीचंही असंच होतं. नशेत अंगावर येणारा आणि चादर ओढून झोपलेला, दोघांना एकाच नजरेने बघितलं जातं. पहिल्यासाठी रात्री जिन्यात दिवा आणि गस्त हवी. दुसऱ्याला उठवण्यात ती गस्त खर्ची पडते.

त्या झोपलेल्यांत कोण असतं, यावर सुप्रीम कोर्टाने १९८५ लाच लिहून ठेवलंय. ओल्गा टेलिस खटला. १९८१ च्या जुलैत, भर पावसात, मुख्यमंत्री अंतुले यांनी फुटपाथवरच्या लोकांना हटवून गावी धाडायचं जाहीर केलं होतं. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या निकालाने म्हटलं की ही माणसं फुटपाथवर राहतात कारण काम जवळ आहे, आणि जगण्याच्या हक्कात उपजीविकाही आली. अर्थात त्याच निकालाने महापालिकेचा हटवण्याचा अधिकारही मान्य केला. फक्त पाऊस संपेपर्यंत, ३१ ऑक्टोबरपर्यंत थांबा म्हणाले.

२०१८ मध्ये दिल्ली हायकोर्टाने १९५९ च्या या मुंबईच्याच कायद्याची, दिल्लीला लागू असलेली, भीक मागणं गुन्हा ठरवणारी कलमं रद्द केली. महाराष्ट्रात तो निकाल लागू होत नाही. सुप्रीम कोर्टाचा दंडक आहे की मोठ्या शहरांत दर लाख लोकसंख्येमागे चोवीस तास चालणारा एक निवारा हवा. २०११ च्या जनगणनेत मुंबई सव्वा कोटीच्या घरात होती, म्हणजे साधारण १२५ निवारे. त्याच्या जवळपासही आपण नाही. आणि जे आहेत ते कुठे आहेत, हेही बघावं लागतं. दादरच्या फुलबाजारात पहाटे चारला गोण्या उतरवायला उभं राहायचं असेल, तर माणूस रात्री दादरलाच झोपणार.

१९८१ च्या त्या जुलैत माणसांना बसमध्ये बसवून शहराबाहेर कसं सोडलं, त्यावर पुढचा भाग. तोपर्यंत, काळजी घ्या.