स्त्री-नेतृत्व घडते कसे? पटाचारेपासून शांताबाईंपर्यंत

विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी मंडळाने मला 'चळवळीतील स्त्रियांचे योगदान' हा विषय दिला. या विषयावर लिहिणारे बहुतेक जण नावांची माळ गुंफतात, चार विशेषणं लावतात आणि जयभीम करून मोकळे होतात. नावं घ्यायला हवीतच. पण मला त्यामागची दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. पुढारी बाई एकदम व्यासपीठावर उभी राहत नाही. तिला कोणीतरी पहिली अक्षरं शिकवलेली असतात, गाणं शिकवलेलं असतं, चारचौघांत तोंड उघडायचं धाडस दिलेलं असतं. आणि मुख्य म्हणजे, घाबरून घरी परत जाण्याच्या पहिल्या वर्षा-दोन वर्षांत तिला कोणीतरी धरून ठेवलेलं असतं. या धरून ठेवणाऱ्यांचा इतिहास आपण सांगत नाही.

हा लेख विहाराच्या अंकात येणार, तेव्हा सुरुवात धम्मापासूनच करू. महाप्रजापती गौतमीच्या आग्रहाने भिक्षुणी संघ स्थापन झाला, हे आपल्या लहान मुलांनाही पाठ आहे. त्या संघाचे नियम मात्र फार थोड्यांनी वाचले असतील. उपसंपदा घेण्याआधी मुलीने दोन वर्षं 'सिक्खमाना', म्हणजे शिकाऊ म्हणून राहायचं, सहा शिक्षापदं पाळायची, असा विनयाचा नियम आहे. आणि उपसंपदा झाल्यावर? तिथंच काम संपत नव्हतं. जिने उपसंपदा दिली त्या थोरल्या भिक्षुणीने पुढची दोन वर्षं शिष्येची काळजी घ्यायची किंवा दुसरीकडून घेववायची. ती घेतली नाही तर दोष शिष्येचा नाही, गुरूचा! विनयात तो अपराध म्हणून नोंदवला आहे. नव्या मुलीला आत घेऊन वाऱ्यावर सोडणं हा अपराध आहे, हे अडीच हजार वर्षांपूर्वी आपल्या धम्माने ओळखलं होतं. हा नियम आजच्या संस्थांना लावला तर किती जण सुटतील, कोण जाणे.

हा नियम कागदावर राहिला नाही, याचा पुरावा थेरीगाथेत आहे. श्रावस्तीची पटाचारा ही नवरा, दोन लेकरं, आई-बाप आणि भाऊ असं सगळं एकापाठोपाठ गमावून वेडी झालेली बाई. ती बुद्धांच्या धम्मात सावरली आणि मग दुसऱ्यांना सावरणारी झाली. थेरीगाथेत तीस भिक्षुणींची एकत्र गाथा आहे. त्या तिघी-चौघी नव्हेत, तीस जणी आहेत, आणि आपल्याला पटाचारेने शिकवलं असं त्या सांगतात. शिकवण्याची तिची तऱ्हाही बघण्यासारखी. मोठं तत्त्वज्ञान न काढता ती मुसळाने धान्य कांडून बायकापोरांना पोसणाऱ्या माणसांचा दाखला देते आणि पाय धुऊन एका बाजूला बसायला सांगते. घरातलं उदाहरण द्यायचं आणि लगेच कामाला लावायचं. आणि या बायांनी आपला अनुभव गाथेत, म्हणजे काव्यात बांधला, म्हणून तो आपल्यापर्यंत पोचला. कला ही फावल्या वेळची चैन नव्हती. नाहीतर त्यांची नावंसुद्धा उरली नसती.

मधल्या शतकांत ही परंपरा आपल्याकडे तुटली. ती पुन्हा सांधली सावित्रीबाईंनी. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा निघाली. सावित्रीबाई स्वतः आधी जोतीरावांकडे शिकल्या, पुढे अहमदनगरच्या मिस फरार आणि पुण्याच्या मिसेस मिचेल यांच्याकडे अध्यापनाचं शिक्षण घेतलं. म्हणजे शिकवणाऱ्या बाईलाही कोणीतरी शिकवावं लागलं होतं. १८५४ साली त्यांचा 'काव्यफुले' हा संग्रह आला, आणि दुसऱ्याच वर्षी, १८५५ साली, फुल्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मातंग मुलीचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध 'ज्ञानोदय'त छापून आला. बाई कविता लिहितात, विद्यार्थिनी निबंध लिहिते. याला मी योगायोग मानत नाही.

आता आपल्या सोलापुराकडे येऊ. बाबासाहेबांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि सभेचं वसतिगृह ४ जानेवारी १९२५ रोजी सुरू झालं ते आपल्या सोलापुरात. जिवाप्पा ऐदाळे यांनी ते सांभाळलं. नगरपालिका महिना ४० रुपये मदत देत असे. मुलांचा कपडालत्ता, वह्या-पुस्तकं, जेवण सभा बघायची. हे आपण अभिमानाने सांगतो. त्यातली एक बाब मात्र सहसा सांगितली जात नाही. त्या वसतिगृहातली मुलं 'सरस्वती विलास' नावाचं मासिक चालवीत होती. विचार करा. गावकुसाबाहेरून आलेली, पहिल्यांदा भरपेट जेवणारी पोरं, आणि त्यांनी काय काढलं, तर मासिक! बोर्डिंगमधून माणसं घडली ती नुसत्या भाकरीवर घडली नाहीत.

पण ते वसतिगृह मुलांचं होतं. मुलींना जागा नव्हती. चळवळीच्या कलेतही तेच. आंबेडकरी जलशांनी गावोगाव बाबासाहेबांचा विचार नेला, त्यांचे उपकार फिटणार नाहीत. तरी सुरुवातीच्या जलशांत बाईचं काम पुरुषच लुगडं नेसून करीत. आमच्या आया-आज्या भीमाच्या ओव्या जात्यावर गात होत्या, घरात. स्टेजवर त्यांना कोणी बोलावलं नाही. १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना वेगळं भाषण देऊन मुलींना शाळेत घालायला सांगितलं, त्याचा अर्थ आपल्या पुरुष मंडळींना फार उशिरा कळला, असं माझं स्पष्ट मत आहे.

बायांनी मात्र वाट पाहिली नाही. नागपुरात जाईबाई चौधरी या डोक्यावर ओझी वाहणाऱ्या बाईने शिकून १९२२ साली मुलींसाठी चोखामेळा कन्याशाळा काढली. त्याच नागपुरात २० जुलै १९४२ रोजी अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या, स्वतः बाबासाहेब हजर होते. ठराव बघा: घटस्फोटाचा हक्क हवा, बहुपत्नीत्व बंद व्हावं, विधिमंडळात स्त्रियांना जागा हव्यात. गिरणीतल्या बायांवर पुरुषाऐवजी बाई सुपरवायझर नेमावी, असाही ठराव झाला. ज्याने गिरणीत खात्यावरचा पुरुष बायांशी कसा बोलतो हे ऐकलंय, त्याला या ठरावाचं वजन सांगायला नको. आणि याच परिषदेत मुलींसाठी सरकारी वसतिगृहं मागितली गेली. आपल्या सोलापूरच्या बोर्डिंगला तेव्हा १७ वर्षं झाली होती.

आणि १९४२ सालीच सोलापूर जिल्हा स्कूल बोर्डात एक मुलगी शिक्षिका म्हणून लागली. सांगोला तालुक्यातल्या महूदची नाजा सखाराम बाबर, म्हणजेच आपल्या शांताबाई कृष्णाजी कांबळे. जन्म १ मार्च १९२३. वर्गात शिकवायचं आणि गावात विटाळ सोसायचा, अशी ती नोकरी. दहा वर्षं शिकवून झाल्यावर १९५२ साली त्या पुण्याच्या महिला ट्रेनिंग कॉलेजात पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. संसार, लेकरं असलेली बाई पहिल्या वर्षाच्या बाकावर बसली. मला त्यांच्या चरित्रातला हा भाग सगळ्यात मोठा वाटतो. १९५७ साली त्या जत तालुक्यात शिक्षण खात्यात अधिकारी झाल्या. १९८१ साली निवृत्त झाल्यावर माणदेशी बोलीतच लिहिलं, 'माज्या जल्माची चित्तरकथा'. दलित स्त्रीचं पहिलं आत्मचरित्र म्हणून ते ओळखलं जातं. १९९० साली दूरदर्शनवर त्यावर 'नाजुका' मालिका आली. पँथरचे नेते, कवी अरुण कांबळे हे त्यांचे चिरंजीव. पण आपण त्यांना 'अरुणची आई' म्हणून ओळखतो, अरुणला 'शांताबाईंचा मुलगा' म्हणून नाही! २५ जानेवारी २०२३ रोजी त्या गेल्या. सोलापूर जिल्ह्याच्या या बाईचा फोटो किती विहारांत लागलाय, आपणच मोजावं.

हे सगळं आज का लिहितो? १९९३ पासून पंचायतीत आणि पालिकेत बायांना एक तृतीयांश जागा आल्या, आपल्या राज्यात २०११ पासून निम्म्या. खुर्ची आली. पण पुष्कळ ठिकाणी सरपंचबाई घरात आणि शिक्का नवऱ्याच्या खिशात, हे आपण डोळ्यांनी बघतो. त्या बाईला दोष देण्याआधी विचारा, तिची सिक्खमानाची दोन वर्षं कुठं गेली? कोणी शिकवलं तिला?

आपल्या विहारात तीन वर्षांपासून कॉलेजच्या पहिल्या वर्षाला गेलेल्या मुलींचा रविवारचा वर्ग चालतो. एक निवृत्त शिक्षिका तो घेतात. गाणं, पथनाट्य, चित्र, निबंध आणि सभेचं सूत्रसंचालन, असं सगळं. मुली हाताने लिहिलेला अंक काढतात, तो विहाराच्या भिंतीवर लावतात. पहिल्या वर्षी अकरा मुली आल्या, दिवाळीनंतर पाच राहिल्या. दोघींची लग्नं ठरली, बाकीच्या घरकामात अडकल्या. मग बाई स्वतः घरोघर गेल्या, आयांशी बोलल्या, दोघी परत आल्या. यंदा चौदा आहेत. त्यांतल्या दोघी थोरल्या वर्गाच्या मुली असून नव्या मुलींना त्याच शिकवतात.

मंडळाकडे माझी मागणी लेखी आहे: वर्धापनदिनाच्या मंडपाच्या खर्चातून या वर्गाला पेटी, ढोलकी, कागद-रंग आणि बाईंना रिक्षाभाडं द्यावं. आणि बुद्धपौर्णिमेच्या सभेचं सूत्रसंचालन या वर्षी मुलींकडे द्यावं, सगळं, सुरुवातीपासून आभारापर्यंत. पाहुण्यांची नावं चुकली तर चुकू द्यावीत.