अमेरिकन लष्करी अळी सोलापुरात का टिकली?

मक्याचा पोंगा पोखरणारी ही अळी मूळची अमेरिका खंडातली. भारतात ती मे २०१८ मध्ये कर्नाटकात सापडली आणि सप्टेंबरात माळशिरस तालुक्यातल्या तांदूळवाडीच्या मक्यावर दिसली.

मादी पतंग पानावर शंभर-दोनशे अंड्यांचा पुंजका घालते आणि तो स्वतःच्या अंगावरच्या केसांनी झाकते. दोन-तीन दिवसांत अळ्या बाहेर पडतात. लहान असताना त्या पानाचा हिरवा भाग खरवडतात, पानावर पांढुरके चट्टे दिसतात. नेमकी हीच वेळ फवारणीची! एकदा अळी पोंग्यात शिरली, की वर भुशासारखी विष्ठा साचते आणि औषध आत पोहोचत नाही. एका पोंग्यात बहुधा एकच मोठी अळी उरते, कारण त्या एकमेकींनाच खातात. डोक्यावर उलटा 'वाय' आणि शेपटीजवळ चौकोनात चार ठिपके, ही तिची ओळख.

दोन-तीन आठवड्यांनी ती मातीत कोष करते. उन्हाळ्यात हे सगळं चक्र महिनाभरात पूर्ण होतं.

उत्तर अमेरिकेत कडाक्याची थंडी तिला मारते. फ्लोरिडा, टेक्सासच्या दक्षिण टोकाला ती तगते आणि दरवर्षी पुन्हा उत्तरेकडे उडत जाते. सोलापुरात तशी थंडी नाही. चाऱ्याचा मका आणि ज्वारी मात्र भरपूर आहे.