हलालखोर पळाले तर शहराचं काय?

साथ आली की सरकार दोन गोष्टी एका दमात सांगतं. "घाबरू नका" आणि "अत्यावश्यक सेवा सुरळीत चालू राहतील." पहिलं आश्वासन घरात बसलेल्यांसाठी असतं. दुसरं ज्यांच्या जिवावर दिलं जातं, तो बसचा ड्रायव्हर, झाडूवाला, वॉर्डबॉय, नर्स, त्यांना धोका नेमका किती आहे हे कोण सांगतं? अनेकांना वाटतं हा प्रश्न कोविडने आणला. पण मुंबईत तो सव्वाशे वर्षांपूर्वीच येऊन गेलाय.

सप्टेंबर १८९६. मांडवी. बंदराला लागून धान्याची गोदामं आणि दाटीवाटीच्या चाळी. आधी उंदीर मरायला लागले. मग माणसं. कडक ताप, जांघेत किंवा काखेत गाठ, आणि चार-पाच दिवसांत माणूस संपलेला. तिथे प्रॅक्टिस करणारे डॉ. अकासिओ गॅब्रियल व्हिएगस हे गोव्यातल्या बार्देशचे. मुंबई महापालिकेचे सदस्यही होते. त्यांनी रोग ओळखला आणि २३ सप्टेंबरला स्थायी समितीत सरळ सांगितलं की हा प्लेग आहे. धोबीतलावला मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे. आपण रोज त्याच्यासमोरून जातो, पण कुणाचा आहे ते बघत नाही.

पालिकेची पहिली प्रतिक्रिया काय होती? हा गाठींचा एक विशिष्ट ताप आहे, असा सूर लागला. 'प्लेग' हा शब्द टाळायची धडपड सुरू झाली. कारण उघड होतं. मुंबई म्हणजे बंदर. त्या एका शब्दाने जगभरची बंदरं इथल्या जहाजांना अडवणार, कापूस आणि धान्य धक्क्यावर पडून राहणार. ही भीती खोटी नव्हती. १८९७ च्या सुरुवातीला याच साथीमुळे व्हेनिसमध्ये आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली, आणि त्या वर्षी मुंबईहून हजला जाणारी जहाजंही थांबवली गेली. पण रोगाचं नाव दडवून रोग थांबत नाही. ऑक्टोबरमध्ये डॉ. हाफकिन मुंबईत आले आणि व्हिएगस यांचं निदान बरोबर असल्याचा निर्वाळा मिळाला.

इथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. प्लेग पिसवांतून पसरतो हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. पॉल-लुई सिमाँ यांनी ते दाखवलं १८९८ मध्ये, कराचीत, आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षं गेली. म्हणजे सरकारकडे पूर्ण सत्य नव्हतंच. पण "हा प्लेग आहे, जीवघेणा आहे, कसा पसरतो ते आम्हाला अजून कळलेलं नाही" एवढं तरी सांगता आलं असतं. ते न सांगता गटारं समुद्राच्या पाण्याने आणि कार्बोलिकने धुण्याचा धडाका लावला गेला, जणू रोगाचं मूळ सापडलंच आहे.

मग सक्ती आली. ६ ऑक्टोबरला म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी हुकूम काढला. घरात शिरून रोगी उचलायचा आणि इस्पितळात न्यायचा अधिकार पालिकेने घेतला. कालपर्यंत साधा ताप म्हणणारे आज दार फोडायला आले, तर लोकांनी कशावर विश्वास ठेवायचा? इस्पितळात नेतात आणि मारून टाकतात ही अफवा घरोघरी पोचली. २९ ऑक्टोबरला गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. लोक रेल्वेने, बोटीने, पायी, मिळेल त्या वाटेने शहर सोडू लागले. १८९१ च्या जनगणनेत मुंबईची वस्ती सव्वाआठ लाखांच्या आसपास होती. फेब्रुवारी १८९७ पर्यंत त्यातली जवळजवळ निम्मी माणसं निघून गेली होती. "घबराट पसरू नये" म्हणून जे दडवलं, त्याचं हे फळ. लोक रोगालाही घाबरले होते आणि सरकारलाही.

आता मुख्य मुद्दा. हल्ल्यानंतर स्नोसाहेबांनी सक्ती सैल केली. का? आपल्या अहवालात त्यांनी कारण लिहून ठेवलंय. त्यांना सगळ्यात मोठी धास्ती होती ती हलालखोर आणि बिगारी पळून जाण्याची. शहराचा मैला आणि कचरा हे लोक हातांनी, डोक्यावरून वाहत होते. ते गेले असते तर आठवड्याभरात मुंबई राहण्यालायक उरली नसती, हे साहेबाला पक्कं कळत होतं. म्हणून सवलत मिळाली. ते लोक थांबले, आणि शहर तगलं.

वाचताना मला खटकलं ते हे. शहर ज्यांच्यावर उभं आहे हे कमिशनरला ठाऊक होतं, त्यांच्याशी बोलताना हिशेब एकच, हे टिकतील कसे. तुमचं काम किती धोक्याचं आहे, तुमच्यातलं कुणी गेलं तर मागे राहिलेल्यांचं काय, हा विषयच नाही. त्याआधीच, १८९० च्या कायद्याने, सफाई कामगाराने पूर्वसूचनेशिवाय काम सोडणं हा गुन्हा ठरवला होता. कामाला जातीने बांधलेला माणूस कायद्यानेही बांधला. ज्याला जाताच येत नाही, त्याला धोका समजावून सांगायची गरज कुणाला वाटणार?

हे जुनं झालं म्हणाल, तर २०२० आठवा. लोकल बंद होती तेव्हा बेस्टच्या बसेस नर्सेसना आणि सफाई कामगारांना घेऊन धावत होत्या. १५ जूनपासून अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी लोकल सुरू झाली. सेवा चालू ठेवणं बरोबरच होतं, त्याशिवाय इस्पितळं चाललीच नसती. आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी केंद्राने ५० लाखांचा विमाही जाहीर केला. पण सप्टेंबर २०२० मध्ये राज्यसभेत विचारलं गेलं की कोविडने किती आरोग्य कर्मचारी गेले, तेव्हा उत्तर आलं, आरोग्य हा राज्यांचा विषय, केंद्र पातळीवर अशी माहिती ठेवली जात नाही. त्यावर इंडियन मेडिकल असोसिएशनने ३८२ डॉक्टरांची यादी प्रसिद्ध केली. डॉक्टरांच्या मागे निदान संघटना होती. कंत्राटी सफाई कामगारांची यादी कोण करणार होतं?

"खरं सांगितलं तर कामावर कुणी येणारच नाही" हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. मला तो पटत नाही. आपल्याकडची कष्टाची माणसं धोका बघून काम सोडणारी नाहीत. पण धोका कळला तर माणूस मास्क मागतो, पाळी कमी करून मागतो, घरी म्हातारी माणसं आहेत म्हणून वेगळी सोय मागतो, विम्याचा कागद हातात मागतो. हे सगळं द्यावं लागतं, त्याला पैसे लागतात. मला वाटतं, न सांगण्यामागे घबराटीपेक्षा हा खर्च जास्त असतो.

पुढची साथ कधी येईल कुणी सांगू शकत नाही. येईल तेव्हा आपल्या पालिकेला, आमदार-खासदारांना पहिल्या आठवड्यातच तीन गोष्टी विचारा. चालू ठेवलेल्या प्रत्येक सेवेत किती कामगार आजारी पडले आणि किती गेले, कंत्राटी धरून, हा आकडा रोज जाहीर होणार का? आपल्याला काय माहीत नाही, हे अधिकारी उघड सांगणार का? आणि कामगाराला नोकरी न गमावता नकार देता येईल का?

उत्तर टाळलं गेलं तर ते टाळलं गेलं, एवढं तरी लिहून ठेवा. व्हिएगस त्या दिवशी स्थायी समितीत गप्प बसले असते, तर मांडवीत माणसं 'तापानेच' मरत राहिली असती.