होशंगाबादचें विज्ञान

शाळेंत विज्ञान शिकलेल्या बहुतेकांच्या स्मरणांत पुढें व्याख्या तेवढ्या शिल्लक राहतात. प्राणवायूचे गुणधर्म तोंडपाठ असतात. तो वायु स्वतः तयार करून पाहिलेला विद्यार्थी मात्र विरळा. ही रीत सरकारी शाळांतूनच मोडून काढण्याचा प्रयत्न मध्य प्रदेशांतील होशंगाबाद जिल्ह्यांत तीस वर्षें चालला. त्या शहराचें नांव २०२२ सालीं नर्मदापुरम् झालें. इतिहासांत हा उपक्रम जुन्या नांवानेंच ओळखला जाईल.

इ. स. १९७२ मध्यें रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर व ‘किशोर भारती’ या दोन संस्थांनीं सरकारच्या संमतीनें सोळा शाळांत सहावी ते आठवीच्या वर्गांचें विज्ञान हातीं घेतलें. किशोर भारतीचे अनिल सद्गोपाल हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील काम सोडून खेड्यांत गेलेले. त्या संस्थेंतील व दिल्ली विद्यापीठांतील शास्त्रज्ञ शिक्षकांना शिकविण्यास येत. मुलांनीं करावयाचा प्रयोग प्रथम शिक्षकांकडून करवून घेत. १९७८ मध्यें ही पद्धति जिल्ह्यांतील सर्व माध्यमिक शाळांत आली. १९८२ सालीं स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ संस्थेनें पुढें तिचा भार उचलला.

‘बाल वैज्ञानिक’ या त्यांच्या पुस्तकांत प्रयोगाच्या सूचना होत्या, प्रश्न होते. उत्तरें मुलांनीं शोधावयाचीं. चौघांचौघांच्या टोळ्या करून मुलें शेतांत हिंडत, पानें गोळा करीत, त्यांचें वर्गीकरण करीत. संभाव्यतेसारखा गहन विषय नाणीं उडवून व फाशांचीं दानें मोजून शिकविला जाई! शंका राहिली तर ‘सवालीराम’ नांवाच्या काल्पनिक गृहस्थास पत्र लिहावयाचें, आणि त्याचें उत्तर येई.

माझ्या मतें या साऱ्यांहून धाडसाची गोष्ट होती ती परीक्षा. विद्यार्थी पुस्तक उघडें ठेवून लेखी उत्तरें देत, आणि प्रयोगाची परीक्षा निराळी. आपल्याकडे परीक्षेंत जें विचारतात तेंच शिकविलें जातें, हें कोणाहि पालकास सांगावयास नको. परीक्षेस हात न लावतां अभ्यासक्रम सुधारणाऱ्या किती समित्या आल्या आणि गेल्या!

आक्षेप अर्थातच आले. या मुलांना माहिती कमी मिळते, वरच्या वर्गांत तीं मागें पडतात, अशी तक्रार होती. ती करणाऱ्या पालकांस हंसण्याचें कारण नाहीं. आठवीनंतर त्यांचीं मुलें पुन्हां जुन्याच परीक्षांच्या हवालीं होणार होतीं. पण मग बदलावयास हवें होतें तें नववी-दहावीचें शिक्षण. सरकारनें उलटें केलें. २००२ सालीं राज्य शासनानें उपक्रम बंद केला, तेव्हां तो सुमारें हजार शाळांत पोंचलेला होता. देशांतील अनेक शास्त्रज्ञांनीं विरोध केला. उपयोग झाला नाहीं.

या प्रयोगाचा एक धागा पुण्यास येतो. टेल्कोंत नोकरी करणारे अरविंद गुप्ता १९७८ सालीं रजा घेऊन होशंगाबादेस गेले होते. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि आगकाड्या यांपासून भूमितीच्या आकृति जोडण्याची युक्ति त्यांना तेथेंच सुचली. पुढें पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेंत त्यांनीं बरींच वर्षें अशीं खेळणीं करून दाखविलीं, आणि तीं करून पाहणाऱ्या मराठी मुलांच्या हातांत आजहि त्याच नळीचे तुकडे असतात.