श्रुतलेखन : लेखनिकापासून संगणकापर्यंत

शाळेत श्रुतलेखन घेताना आपण उतारा आधी पूर्ण वाचतो, मग अर्थ तुटणार नाही अशा बेताने थोडा थोडा सांगतो आणि शेवटी सगळा पुन्हा वाचतो. आज अनेक डॉक्टर रुग्णाची नोंद संगणकाला तोंडी सांगतात. तेही श्रुतलेखनच. फरक इतकाच, की तेथील चूक गुणांवर भागत नाही. ती रुग्णाला भोगावी लागते.

सांगणारा आणि लिहिणारा ही जोडी मराठीला नवी नाही. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० साली, नेवासे येथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली व सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, असे परंपरा मानते. लेखनिक समोर असला की मोठी सोय असते. शब्द कळला नाही तर तो विचारतो.

एडिसनने १८७७ मध्ये फोनोग्राफ तयार केला. पुढच्याच वर्षी त्याने या यंत्राचे जे उपयोग सांगितले, त्यांत पत्रे सांगून ठेवणे हा पहिला होता. आता लेखनिक दूर बसून, मागाहून लिहू लागला. १९९० नंतर अमेरिकेतील डॉक्टरांचे ध्वनिमुद्रित बोलणे भारतात टंकलिखित होऊ लागले. न कळलेल्या शब्दाची जागा कोरी सोडून खूण करायची, ही या व्यवसायाची शिस्त होती.

दरम्यान यंत्रालाच ऐकायला शिकवण्याचे प्रयत्न चालू होते. बेल प्रयोगशाळेच्या 'ऑड्री' यंत्राने १९५२ मध्ये बोललेले अंक ओळखले. १९६२ मध्ये आयबीएमचे 'शूबॉक्स' १६ शब्द ओळखत होते. १९७६ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातील 'हार्पी' १०११ शब्दांपर्यंत पोहोचले. तेथील या संशोधनाचे एक प्रमुख होते आंध्रात जन्मलेले राज रेड्डी. १९९० च्या 'ड्रॅगन डिक्टेट'ला प्रत्येक शब्दानंतर थांबावे लागे. १९९७ मध्ये सलग बोलणे लिहिणारी आज्ञावली बाजारात आली.

येथे बोलण्याची सवयच उलटली. यंत्र अर्थ समजून लिहीत नाही. ध्वनीचे बारीक तुकडे करून तो कोणता शब्द असावा आणि आधीच्या शब्दांनंतर कोणता शब्द सहसा येतो, याची शक्यता ते मोजते. म्हणून सुटे शब्द बोलण्यापेक्षा पूर्ण वाक्य बोललेले त्याला सोपे जाते. पण जालना जिल्ह्यातील 'वाटूर' हे नाव त्याच्या शब्दसंग्रहात नसेल, तर ते बेधडक 'वाटून' लिहील. कोरी जागा सोडण्याची शिस्त त्याला नाही.

चुका किती होतात? अमेरिकेत २१७ वैद्यकीय नोंदी तपासून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात यंत्राने लिहिलेल्या मजकुरात दर १०० शब्दांमागे ७.४ चुका होत्या. टंकलेखकाने तपासल्यावर त्या ०.४ आणि डॉक्टरांच्या सहीनंतर ०.३ उरल्या.

यावरून चांगल्या सवयी ठरतात. वाक्य मनात जुळवून मगच बोलावे. ध्वनिग्राहक तोंडापासून नेहमी सारख्या अंतरावर, पण श्वास थेट आदळणार नाही असा थोडा बाजूला ठेवावा. पंखा, रस्ता यांचा आवाज टाळावा. 'सात' आणि 'साठ' यांत घोटाळा होतो, म्हणून 'सहा शून्य' असे सुटे अंकही सांगावेत आणि एकक कधीही गाळू नये. 'हायपर' व 'हायपो' यांत उच्च आणि नीच रक्तदाबाचे अंतर आहे. तेथे उच्चार स्वच्छ हवा. मराठीत आणखी एक धोका आहे. 'ताप नाही' यातला 'नाही' शेवटी येतो आणि वाक्याच्या शेवटी आपला आवाज खाली जातो. तो शब्द हरवला तर अर्थ उलटा होतो.

२०१७ पासून गूगलच्या आवाजी टंकलेखनात मराठी आहे. त्यावर वर्गात सहज प्रयोग करता येईल. १०० शब्दांचा एक उतारा घ्यावा. त्यात आपल्या गावाचे नाव, 'सात', 'साठ' आणि दोन-तीन 'नाही' असावेत. तो एकदा शब्द तोडून, एकदा सलग आणि एकदा पंखा लावून सांगावा. प्रत्येक वेळच्या चुका मोजून तक्ता करावा. चुकांची संख्या पाहावीच, पण कोणत्या चुकीने अर्थ बदलला तेही विद्यार्थ्यांना शोधू द्यावे.

लेखनिक बदलत गेला, तसतशी शंका विचारण्याची जबाबदारी त्याच्याकडून सांगणाऱ्याकडे आली. म्हणूनच उतारा शेवटी पुन्हा वाचण्याची आपली जुनी पायरी डॉक्टरांनीही सहीपूर्वी गाळता कामा नये, असे आम्हाला वाटते.