काळा-पांढरा फोटो रंगवू नका, जपा!

१४ एप्रिल किंवा ६ डिसेंबर जवळ आला की मोबाइलवर बाबासाहेबांचे 'रंगीत' फोटो फिरू लागतात. मूळ फोटो काळा-पांढरा. कुणीतरी तो ॲपमध्ये टाकतो. बाबासाहेबांचा चेहरा गोरा होतो, रमाईंच्या लुगड्याला ॲपच्या मर्जीचा रंग मिळतो आणि आपण 'जय भीम' लिहून पुढे पाठवतो. यात चुकले काय, असे तरुण कार्यकर्ते विचारतात. उत्तरासाठी कॅमेरा आणि जात यांचा संबंध पाहावा लागेल.

इंग्रजांनी १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' हा आठ खंडांचा ग्रंथ काढला. त्यात इथल्या जाती-जमातींचे फोटो नमुन्यासारखे मांडले आहेत. अनेक फोटोंखाली माणसाचे नाव नाही, फक्त जमातीचे आहे. म्हणजे कॅमेऱ्यानेही आधी जातच टिपली.

आपले नांदेड आणि तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात असलेले लातूर सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. राजा दीनदयाळ हे सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार. राजवाडे, शिकारी, दरबार हे त्यांचे गाजलेले विषय. वेठबिगारीत राबणाऱ्या गावकुसाबाहेरच्या माणसाला स्वतःचा फोटो काढून घेणे कुठून परवडणार?

म्हणूनच १९३४ चा राजगृहातील कुटुंबाचा फोटो केवळ घरगुती फोटो नाही. बाबासाहेब, रमाई, यशवंतराव, लक्ष्मीबाई, मुकुंदराव आणि टॉबी कुत्रा. इथे कुणी कुणाचा नमुना म्हणून उभा नाही. ज्यांना व्यवस्थेने नाव नाकारले, ते स्वतःच्या घरात, नावानिशी कॅमेऱ्यासमोर आले आहेत. पुढच्याच वर्षी, २७ मे १९३५ रोजी रमाई गेल्या. त्यांचा चेहरा आज आपल्याला ठाऊक आहे तो अशा मोजक्या फोटोंमुळे. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेचे फोटो, नामदेवराव व्हटकरांनी केलेले अंत्ययात्रेचे चित्रीकरण, हे सगळे आपले पुरावे आहेत.

कुणी म्हणेल, पुतळ्याचा कोट आपण निळा रंगवतोच की! बरोबर. पण तो रंग समाजाने जाणीवपूर्वक दिला. निळा हा शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या झेंड्याचा, चळवळीचा रंग. पुतळा हे प्रतीक आहे, फोटो हा दस्तऐवज आहे. प्रतीकाला रंग देण्याचा हक्क आपला. दस्तऐवजात मात्र खाडाखोड चालत नाही. ॲपला मूळ रंग माहीत नसतो, ते अंदाज बांधते. त्या अंदाजात सावळी कातडी उजळ होते, तेव्हा गोरेपणाला श्रेष्ठ मानणारी जुनी मानसिकताच मागच्या दाराने आपल्या भिंतीवर येते.

मराठवाड्यात तर पुरावा जपणे हा अधिक गंभीर प्रश्न आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे, सुगावचे जनार्दन मेवाडे यांची हत्या झाली. घर जळते तेव्हा धान्य आणि भांडी जळतात, तशी कागदपत्रे आणि फोटोही जळतात. पंचनाम्यात त्या फोटोंची किंमत कोण लावणार? ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात लातूर-उस्मानाबादकडची गावेच्या गावे ढिगाऱ्याखाली गेली. त्यानंतर दोन महिने व्हायच्या आत, २५ नोव्हेंबरला गौतम वाघमारे यांनी नांदेडमध्ये नामांतरासाठी आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. या सोळा वर्षांतले मोर्चे, सभा, तुरुंगातून सुटलेले कार्यकर्ते यांचे जे फोटो वाचले, ते आज वस्त्यांतल्या ट्रंकांमध्ये पडून आहेत.

त्यातले काळे-पांढरे फोटो अजून स्पष्ट दिसतात, ऐंशीच्या दशकातले रंगीत मात्र लालसर पडलेत. याचे कारण रसायनात आहे. काळ्या-पांढऱ्या फोटोतली प्रतिमा चांदीच्या सूक्ष्म कणांची असते. नीट धुतलेला, ओलीपासून जपलेला फोटो शंभर वर्षेही टिकतो. रंगीत छपाईतले रंगद्रव्य उजेडाने आणि काळाने उडते. पण चांदीही वाळवीपुढे, गळक्या पत्र्यापुढे हरते. आणि फोटोतल्या माणसांना ओळखणारी पिढी तर झपाट्याने निघून चालली आहे.

म्हणून जयंतीच्या वर्गणीतून थोडे पैसे या कामासाठी बाजूला काढा. प्रत्येक वस्तीतल्या आजी-आजोबांकडे बसा. फोटोतल्या प्रत्येकाचे नाव, गाव, प्रसंग विचारा आणि मागे पेन्सिलने हलक्या हाताने लिहा. चिकटणाऱ्या अल्बममधून फोटो सोडवून कागदी पाकिटात ठेवा. स्कॅन करा, प्रती बुद्धविहारात ठेवा, मूळ फोटो त्या घरालाच परत द्या. रंगवायचाच असेल तर प्रत रंगवा आणि खाली तसे ठळक लिहा.

ज्यांनी आपल्याला नाव नाकारले, ते आपल्या आई-बापांच्या फोटोमागे नावे लिहायला येणार नाहीत. ते आपल्यालाच करावे लागेल, आणि यंदाच.

जय भीम!