काशगरचा रविवार

काशगरच्या रविवारच्या बाजाराला स्थापनादिन नाही आणि संस्थापकही नाही. तरीही त्याला संस्था म्हणावे असे सगळे त्यात आहे. वार ठरलेला, मालागणिक जागा ठरलेल्या, कसब पिढीजात आणि व्यवहार शब्दावर. चीनच्या शिनजियांगमध्ये, तकलामकान वाळवंटाच्या पश्चिम टोकाला, तुमान नदीकाठी, उइगुर शेतकरी आणि कारागिरांनी हा बाजार चालवला. राज्ये आली आणि गेली, बाजार भरत राहिला.

महाराष्ट्राचे आणि पुलकेशीच्या पराक्रमाचे वर्णन करणारा ह्यूएन त्संग सातव्या शतकात मायदेशी परतताना याच वाटेने गेला. इथल्या लोकरी कापडाची आणि गालिच्यांची त्याने नोंद केली. तेराव्या शतकात मार्को पोलोला इथे बागा, द्राक्षमळे आणि दूरदूर जाणारे व्यापारी दिसले. आज काशगरमध्ये जे विकले जाते त्याचा मोठा भाग याच यादीतला आहे.

बाजार कसा चालतो ते पाहिले की त्याच्या टिकण्याचे कारण कळते. मरूद्यानातल्या गावांनी आपापसात वार वाटून घेतले. काशगरचा रविवार, तर उपल गावचा सोमवार. अकराव्या शतकातला थोर कोशकार महमूद काशगरी याची कबर याच उपलला आहे. फिरता विक्रेता वारांमागून गावे धरतो, शेतकऱ्याला जवळपास कुठेतरी बाजार मिळतोच. काशगरला माणसे गाढवगाड्यांतून येत आणि गर्दीतून वाट काढताना गाडीवान ‘पोश, पोश’ असे ओरडत. घड्याळे दोन. सरकारी कामाला बीजिंगची वेळ, आणि घरच्या व्यवहाराला तिच्या दोन तास मागे चालणारी स्थानिक वेळ.

सगळ्यात रंग भरतो तो जनावरांच्या बाजारात. जाड शेपटीच्या मेंढ्या तोंडाला तोंड लावून एका रांगेत बांधलेल्या असतात. गिऱ्हाईक पाठीवर आणि शेपटीवर हात दाबून चरबीचा अंदाज घेते, बैलाचे दात बघते. मध्ये दलाल उभा. तो दोघांचे हात धरून ओढतो, समजूत घालतो, पुन्हा ओढतो. आपल्या बैलबाजारात रुमालाखाली बोटे धरून भाव सांगत, तसा इथे अस्तनीच्या आत बोटांनी सांगायचा रिवाज होता. हात जुळला की सौदा पक्का.

कारागिरीचे तर वेगळेच वैभव. ‘दोप्पा’ नावाची चौकोनी घडीची भरतकामाची टोपी. काशगरच्या काळ्या टोपीवर पांढऱ्या बदामांची नक्षी असते. खोतानचे ‘अतलस’ रेशीम. त्याचे ताणे विणण्याआधीच गाठी मारून रंगवतात, म्हणून नक्षीच्या कडा पाण्यात पसरल्यासारख्या दिसतात. काशगरच्या दक्षिणेला येंगिसार आहे, तिथले शिंग आणि पितळ जडवलेल्या मुठींचे चाकू प्रसिद्ध. तांब्याची भांडी, दुतार आणि रवाप ही तंतुवाद्ये, नमदे. आणि हे सगळे बघता बघता भूक लागली की तंदुरातून नुकताच निघालेला नान.

डोंगरावरून ताजिकही येतात. ताश्कुरघान हे त्यांचे गाव सुमारे 3,100 मीटर उंचीवर आहे. त्यांची संख्या जेमतेम 50 हजारांच्या आसपास, भाषा पामिरी, संसार याक आणि मेंढ्यांवर. बायकांच्या टोप्यांवरचे भरतकाम दुरूनही ओळखू येते. हे लोक आगाखानांचे अनुयायी. 1923 मध्ये आगाखानांचे दूत म्हणून पीर सबझअली मुंबईहून निघाले आणि मध्य आशियातल्या अशा डोंगरवस्त्यांत पोचले.

भारताशी नाते मालाचेही होते. लेहहून 5,500 मीटरहून उंच काराकोरम खिंड ओलांडून तांडे यारकंदला जात. इकडून सुती कापड, मसाले आणि नीळ. तिकडून नमदे, रेशीम आणि चरससुद्धा. वाटेवर मेलेल्या घोड्यांची हाडे खूण म्हणून उपयोगी पडत. 1948 ते 1950 या काळात काशगरला भारताचे वाणिज्यदूत होते आर. डी. साठे. पुढे ते आपले परराष्ट्र सचिव झाले. त्यांच्यानंतर ती वकिलात बंद झाली आणि तांड्यांची वाट थांबली.

सांस्कृतिक क्रांतीत खासगी व्यापाराला गुन्ह्याचे रूप आले. 1978 नंतर निर्बंध सैल झाले तसा बाजार पुन्हा भरला. 1986 मध्ये खुंजेराब खिंड परदेशी प्रवाशांना खुली झाली, 1999 मध्ये रेल्वे आली. जनावरांचा बाजार शहराबाहेर हलवला गेला. मुख्य बाजारावर छत चढले.

छपराने बाजार मोडत नाही. माणसांना अडवले की मोडतो. 2009 पासून जुन्या शहरातली मातीची घरे पाडून नवी बांधली गेली. 2017 पासून तर लाखो उइगुरांना छावण्यांत डांबले गेले, रस्तोरस्ती तपासणी सुरू झाली. शिनजियांगच्या काही भागांत चाकूवर घेणाऱ्याची ओळख कोरावी लागली. 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने हे मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरू शकतात असे म्हटले. चीनने ते फेटाळले. पर्यटकांसाठी सजवलेले जुने शहर आज देखणे दिसते, पण आठवड्याच्या आठवड्याला मोकळेपणाने ये-जा करणारा शेतकरी हाच या संस्थेचा खरा सभासद आहे. त्याच्या पायात बेडी असताना बाजाराची भरभराट झाली असे मी मानणार नाही.

उइगुरांची मोठी वस्ती अल्माटीत एकोणिसाव्या शतकापासून आहे, इस्तंबूलमध्येही त्यांच्या खाणावळी आणि पुस्तकांची दुकाने आहेत. तिकडे जाणे झाले तर त्यांच्याकडे जेवा, टोपी विकत घ्या, आणि तुमचे मूळ गाव कोणते, हे आवर्जून विचारा.